आदेश दिले म्हणजे नेमके काय केले?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकासह बहुतेक मराठी वृत्तपत्रांत ‘मुख्यमंत्र्यांनी आदेश दिले’, ‘पालकमंत्र्यांचे यंत्रणेला निर्देश’, ‘मंत्र्यांनी अधिकाऱ्यांना फैलावर घेतले’ अशा मथळ्याची बातमी जवळजवळ रोज असते. पंचनामे तातडीने करण्याचे आदेश, रखडलेला पूल पूर्ण करण्याचे आदेश, दोषींची गय न करण्याचे आदेश. कोण कोठे बोलले आणि व्यासपीठावर कोण बसले होते हे त्या बातमीत सविस्तर असते. मात्र हा आदेश कोणत्या विभागाने, कोणत्या तारखेस, कोणत्या क्रमांकाने निर्गमित केला, किंबहुना तो निर्गमित झाला तरी का, याचा उल्लेख क्वचितच सापडतो. मंत्रालयात कक्ष अधिकारी म्हणून काम करून निवृत्त झालेल्या माझ्यासारख्या वाचकाला ही उणीव फार खटकते, आणि ती दूर करणे आपल्या हाती आहे असे वाटल्यावरून हे पत्र लिहीत आहे.

राज्याची कार्यकारी सत्ता संविधानाच्या अनुच्छेद १५४ नुसार राज्यपालांच्या ठायी निहित आहे आणि अनुच्छेद १६३ नुसार ती मुख्यमंत्र्यांच्या नेतृत्वाखालील मंत्रिपरिषदेच्या सल्ल्याने वापरायची आहे. एवढे शालेय नागरिकशास्त्रातही असते. शाळेत जे फारसे शिकवले जात नाही, ते अनुच्छेद १६६ मध्ये आहे: राज्य शासनाची सर्व कार्यकारी कार्यवाही राज्यपालांच्या नावाने व्यक्त झाली पाहिजे, ते आदेश नियमांत सांगितलेल्या रीतीने साक्षांकित झाले पाहिजेत, आणि कामकाजाची मंत्र्यांमध्ये वाटणी राज्यपालांनी केलेल्या नियमांनुसार झाली पाहिजे. कोणताही शासन निर्णय उघडून शेवटच्या पानावर पाहावे. ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ ही ओळ आणि तिच्याखाली एखाद्या उपसचिवाची किंवा कक्ष अधिकाऱ्याची स्वाक्षरी तेथे असते. मंत्र्यांची स्वाक्षरी नस्तीवर, म्हणजे कार्यालयीन फायलीवर, असते. जगासमोर येतो तो हा कागद.

या कागदाला इतके महत्त्व का, हे दोन योजना शेजारी ठेवून पाहिल्यास कळते. रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळात शासकीय निर्णयाने चालू होती. पुढे विधिमंडळाने १९७७ चा रोजगार हमी अधिनियम केला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. तेव्हापासून काम मागणे हा कायद्याने दिलेला हक्क झाला आणि तो काढून घ्यायचा तर सभागृहात उभे राहून बोलणे भाग पडले. याउलट ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना महिला व बाल विकास विभागाच्या २८ जून २०२४ च्या शासन निर्णयाने सुरू झाली, आणि पाच दिवसांनी, ३ जुलैला, दुसऱ्या निर्णयाने तिच्या अटी बदलल्या. यात बेकायदा काही नाही. राज्याचा कार्यकारी अधिकार विधिमंडळ ज्या विषयांवर कायदा करू शकते त्या सर्व विषयांपर्यंत पोचतो, असे अनुच्छेद १६२ सांगतो. आणि प्रत्येक कामासाठी आधी कायदा केलाच पाहिजे असे नाही, फक्त कोणाच्या कायदेशीर हक्कावर घाला येता कामा नये आणि खर्चाला विधिमंडळाची मंजुरी हवी, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५५ मध्येच पंजाबातील पाठ्यपुस्तकांच्या प्रकरणात स्पष्ट केले होते. मग ज्या योजनेमागे अधिनियम नाही, तिच्या लाभार्थ्याच्या हाती काय उरते? तो शासन निर्णय आणि त्यात पुढे होणारे फेरबदल, एवढेच. म्हणून सभेतील घोषणा आणि शासन निर्णयातील अटी यांत अंतर असेल, तर बातमी त्या अंतराची असायला हवी.

मंत्र्यांनी नस्तीवर लिहिले म्हणजे काम झाले, ही समजूत केवळ सामान्य माणसाची नाही. कितीतरी लोकप्रतिनिधीही ‘साहेबांचा शेरा आणला आहे’ असे सांगत मंत्रालयाच्या मजल्यांवर फिरत असतात. या समजुतीचा निकाल १९६२ मध्येच लागला आहे. पेप्सू, म्हणजे पतियाळा व पूर्व पंजाब संस्थानांचा संघ, या तेव्हाच्या राज्यातील एका महसुली कर्मचाऱ्याला बडतर्फ करण्यात आले होते. त्याने दाद मागितल्यावर महसूल मंत्र्यांनी नस्तीवर लिहिले, की आरोप गंभीर आहेत, परंतु हा निर्वासित असून त्याच्यावर मोठ्या कुटुंबाचा भार आहे, तेव्हा बडतर्फ न करता त्याला मूळ पदावर परत पाठवावे. हा शेरा आदेशाच्या रूपाने बाहेर पडला नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी पेप्सू पंजाबात विलीन झाले, नस्ती नव्या राज्याच्या मुख्यमंत्र्यांपुढे गेली आणि त्यांनी बडतर्फी कायम केली. एकदा मंत्र्यांनी निर्णय दिल्यावर तो फिरवता येणार नाही, हे त्या कर्मचाऱ्याचे म्हणणे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने फेटाळले. नस्तीवरील मत राज्यप्रमुखाच्या नावाने आदेश म्हणून व्यक्त होऊन संबंधिताला कळवले जात नाही, तोवर ते मतच राहते आणि ते बदलता येते, असे न्यायालयाने सांगितले. निकाल कठोर वाटतो खरा, पण त्याच्या उलट नियम असता तर प्रत्येक टिपणीवरच्या प्रत्येक शेऱ्यावरून खटले उभे राहिले असते.

एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. राज्यपालांच्या नावाची ओळ राहून गेली म्हणून आदेश आपोआप रद्दबातल ठरत नाही. निर्णय खरोखर सक्षम स्तरावर झाला होता हे शासनाला अन्य पुराव्याने दाखवता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने तत्कालीन मुंबई राज्यातून गेलेल्या १९५२ च्या एका स्थानबद्धतेच्या प्रकरणातच म्हटले आहे. तेव्हा माझा आग्रह शिक्क्यासाठी आणि छापील ओळीसाठी नाही. निर्णय कोणी घ्यायचा, हे नियमांनी ठरवून दिलेले असते; त्यानेच तो घेतला का, आणि ज्याच्यावर परिणाम होणार त्याला तो कळवला का, एवढे दोनच प्रश्न मला महत्त्वाचे वाटतात.

पहिला प्रश्न किती खरा आहे, हे आपल्याच राज्यातील एका प्रकरणाने दाखवून दिले. चंद्रपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या नोकरभरतीला सहकार मंत्र्यांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये परवानगी दिली. काही दिवसांतच तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी तिला स्थगिती दिली. मार्च २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ही स्थगिती रद्द केली. एखादा विषय ज्या मंत्र्याकडे सोपवला आहे, त्याच्या निर्णयात स्वतंत्रपणे हस्तक्षेप करण्याचा अधिकार कार्यनियमावलीने, म्हणजे अनुच्छेद १६६ खालील वर सांगितलेल्या नियमांनी, मुख्यमंत्र्यांना दिलेला नाही, असे खंडपीठाने त्या नियमावलीच्या आधारे सांगितले. निकालाची बातमी आली तेव्हा अनेकांना, त्यांत काही माजी सहकारीही होते, ती अविश्वसनीय वाटली. मुख्यमंत्री म्हणजे सर्व खात्यांचा धनी, हा समज आपल्याकडे इतका मुरला आहे.

येथे थोडे थांबले पाहिजे, कारण राजकीय बळ आणि कायदेशीर अधिकार यांची गल्लत याच ठिकाणी होते. मुख्यमंत्री मंत्र्यांची निवड करतात, खाती त्यांच्या सल्ल्याने वाटली जातात, मंत्रिमंडळाची बैठक ते बोलावतात आणि तिची विषयपत्रिका त्यांच्या संमतीने ठरते. एखाद्या मंत्र्याचा निर्णय चुकला असे त्यांना वाटले, तर तो विषय मंत्रिमंडळापुढे आणण्याचा, मंत्र्याला समजावण्याचा, खाते बदलण्याचा आणि अखेर राजीनामा मागण्याचा मार्ग त्यांच्यापुढे असतो. हे सगळे मार्ग उघडे आहेत, म्हणजेच त्यांचा वापर करणाऱ्याला सहकाऱ्यांसमोर आणि विधानसभेसमोर उत्तर द्यावे लागते. दूरध्वनीवरून किंवा एका ओळीच्या स्थगितीने काम भागवले, की ही उत्तरदायित्वाची कटकट उरत नाही. अनुच्छेद १६४ ने मंत्रिपरिषदेला विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार ठरवले आहे आणि अनुच्छेद १६७ ने मुख्यमंत्र्यांवर कर्तव्ये टाकली आहेत: मंत्रिपरिषदेचे निर्णय राज्यपालांना कळवणे, त्यांनी मागितलेली माहिती पुरवणे, आणि एखाद्या मंत्र्याने एकट्याने घेतलेला निर्णय राज्यपालांनी सांगितल्यास मंत्रिपरिषदेच्या विचारार्थ ठेवणे. मुख्यमंत्र्यांच्या नावाने स्वतंत्र अनुच्छेद लिहिताना घटनाकारांनी त्यात कर्तव्येच घातली, ही गोष्ट मला नेहमी विचार करण्याजोगी वाटत आली आहे.

पालकमंत्र्यांचे तर बोलायलाच नको. ज्या पदासाठी जानेवारी २०२५ मध्ये यादी जाहीर होते आणि दुसऱ्याच दिवशी रायगड व नाशिक या दोन जिल्ह्यांच्या नेमणुकांना स्थगिती द्यावी लागते, त्या पदाचा संविधानात उल्लेखही नाही. जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांना जिल्ह्याच्या वार्षिक योजनेच्या निधीबाबत निश्चित स्थान आहे आणि ते मोठे आहे. पण म्हणून जिल्ह्यातील पोलीस अधीक्षकाने, अधीक्षक अभियंत्याने किंवा जिल्हा शल्यचिकित्सकाने आपापल्या विभागाच्या मंत्र्याला व सचिवाला बाजूला ठेवून त्यांचे ऐकावे, असे कोणत्याही नियमात नाही. आढावा बैठकीत ‘निलंबित करा’ असे ध्वनिक्षेपकावरून ऐकू येते, टाळ्या पडतात, आपल्या दैनिकात छायाचित्र येते. निलंबनाचा अधिकार मात्र नियुक्ती प्राधिकाऱ्याचा किंवा त्याने अधिकार दिलेल्या वरिष्ठाचा असतो, आणि त्याने लेखी आदेश काढला नाही तर दुसऱ्या दिवशी तोच कर्मचारी त्याच खुर्चीत बसलेला दिसतो. पुढे या घोषणेचे काय झाले, हे विचारायला कोणी जात नाही.

तोंडी आदेशाची दुसरी बाजू अधिक काळजीची आहे. २००६ मध्ये, विदर्भातील शेतकरी आत्महत्या देशभर चर्चेत असताना, बुलडाणा जिल्ह्यातील खामगाव येथे सावकारीच्या जाचाची तक्रार घेऊन शेतकरी पोलिसांकडे गेले. तक्रार ज्या कुटुंबाविरुद्ध होती, त्यातील एक जण आमदार होते. तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांच्या कार्यालयातून पोलीस ठाण्याला दूरध्वनी आला आणि या कुटुंबाविरुद्धच्या तक्रारी परस्पर नोंदवू नयेत अशा अर्थाच्या सूचना खाली पोचल्या. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि डिसेंबर २०१० मध्ये न्यायालयाने राज्य शासनावर १० लाख रुपयांचा खर्च बसवला. गुन्हा नोंदवणे हे पोलिसांचे कायद्याने सांगितलेले कर्तव्य आहे. त्याच्या आड येण्याचा अधिकार मुख्यमंत्र्यांच्या पदात कोठेही नाही, हा त्या निकालाचा गाभा होता. त्यातील एक तपशील मला विशेष महत्त्वाचा वाटतो. ठाण्यातील अधिकाऱ्याने त्या दूरध्वनीची नोंद स्टेशन डायरीत केली होती. ती नोंद नसती, तर न्यायालयासमोर शेतकऱ्याचा शब्द आणि शासनाचा इन्कार यांपलीकडे काय उरले असते?

सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी माजी सनदी अधिकाऱ्यांच्या याचिकेवर निर्णय देताना, अधिकाऱ्यांनी तोंडी सूचनांवर काम करू नये, आणि तातडीमुळे करावे लागलेच तर त्याची लेखी नोंद ठेवावी, असे बजावले. आपल्या राज्याने त्याच्याही आधी, २००५ च्या बदल्यांच्या व दप्तर दिरंगाईच्या कायद्याने, कर्मचाऱ्यांच्या टेबलावर नस्ती सामान्यतः सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक पडून राहू नये, तातडीची नस्ती चार दिवसांत निकालात निघावी आणि मुदतीपूर्वीची बदली करायची तर कारणे लेखी नोंदवून वरिष्ठ प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता घ्यावी, असे बंधन घातले. तरीही मुदतपूर्व बदल्या प्रशासकीय न्यायाधिकरणापुढे, म्हणजे ‘मॅट’पुढे, येत राहतात आणि कारणे नोंदवलेली नसल्याने रद्दही होत राहतात. सात दिवसांचा नियम शासकीय कर्मचाऱ्यांसाठी आहे, हेही ध्यानात घ्यावे. नस्ती मंत्र्यांच्या कार्यालयात शिरली, की तिला हे घड्याळ लागू होत नाही, आणि अनुभव असा, की बऱ्याच नस्त्यांचा सर्वांत लांब मुक्काम तेथेच असतो.

आदेश न काढणे हाही सत्तेचा एक वापर असतो. नोव्हेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने विधान परिषदेवर नामनिर्देशनासाठी १२ नावांची शिफारस तेव्हाच्या राज्यपालांकडे पाठवली. त्यावर होकार आला नाही आणि नकारही आला नाही. राज्यपालांना आदेश देता येत नाही, पण वाजवी मुदतीत शिफारस स्वीकारणे किंवा परत पाठवणे हे त्यांचे कर्तव्य आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑगस्ट २०२१ रोजी म्हटले. त्यानंतरही वर्षभर काही घडले नाही आणि सप्टेंबर २०२२ मध्ये नव्या सरकारने ती यादीच मागे घेतली. लेखी नकार आला असता तर त्याची कारणे तपासता आली असती. मौनाची तपासणी करायची कशी? मंत्रिमंडळाच्या बाबतीतही असेच काही घडले. मंत्र्यांची संख्या मुख्यमंत्र्यांसह १२ पेक्षा कमी नसावी, असे २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने सांगितले असताना, ३० जून ते ९ ऑगस्ट २०२२ या काळात महाराष्ट्राचा कारभार मुख्यमंत्री व उपमुख्यमंत्री अशा दोघांच्या मंत्रिमंडळाने पाहिला आणि दोन शहरांच्या नामांतरासारखे निर्णयही त्या बैठकांत झाले. त्या दोघांकडे बहुमत होते, याबद्दल वाद नाही. पण सामूहिक जबाबदारी म्हणताना संविधानाला दोन खुर्च्या अभिप्रेत होत्या असे म्हणणे कठीण आहे.

कागद निघाला म्हणजे सत्तेचा गैरवापर थांबतो, असे मात्र मी म्हणत नाही. अनुच्छेद २१३ खाली निघणारे अध्यादेश कागदावरच असतात, राजपत्रात छापले जातात, आणि तरीही बिहारमध्ये १९६७ ते १९८१ या काळात २५६ अध्यादेश विधिमंडळापुढे न आणता पुनःपुन्हा काढून जिवंत ठेवण्यात आले. काहींचे आयुष्य १४ वर्षांपर्यंत गेले. ही गोष्ट उजेडात आणली ती पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील प्राध्यापक डॉ. डी. सी. वाधवा यांनी. डिसेंबर १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या याचिकेवर हा प्रकार म्हणजे संविधानाशी केलेली लबाडी ठरवला. कागद गैरवापर रोखू शकला नाही. पण तो छापलेला होता म्हणून पुण्यात बसलेल्या एका अभ्यासकाला तो मोजता आला. व्यासपीठावरून दिलेले आदेश मोजायला कोणाला सांगणार?

तारखेचे महत्त्वही लहान नाही. १५ ऑक्टोबर २०२४ रोजी विधानसभा निवडणूक जाहीर होऊन आचारसंहिता लागल्यानंतरही शासनाच्या संकेतस्थळावर निर्णय चढवले जात होते आणि निवडणूक यंत्रणेच्या हरकतीनंतर त्यांपैकी अनेक काढून घ्यावे लागले. निर्णय कोणत्या दिवशी घेतला, कोणत्या दिवशी काढला आणि कोणत्या दिवशी प्रसिद्ध केला, या तीन तारखा वेगळ्या असतात, हे त्या आठवड्यात पुष्कळांना प्रथमच कळले असावे.

आता माझ्या विनंतीकडे येतो. आपल्या वार्ताहरांनी मंत्र्यांच्या ‘आदेशा’ची बातमी देताना लेखी आदेश निघाला आहे का, असल्यास विभाग, क्रमांक व दिनांक, नसल्यास ‘अद्याप लेखी आदेश नाही’ अशी नोंद, एवढे एक वाक्य जोडण्याची प्रथा पाडावी. शासन निर्णयावर संगणक संकेतांक छापलेला असतो. तो बातमीच्या तळाशी दिल्यास वाचकाला मूळ कागद शोधता येईल. मंत्रिमंडळ निर्णयांची बातमी देऊन महिना उलटल्यावर त्यांपैकी किती निर्णयांचे शासन निर्णय निघाले, हे सांगणारा छोटा तक्ता छापता आला तर तो अग्रलेखाइतकाच वाचला जाईल. माहितीच्या अधिकाराच्या कायद्यानुसार मंत्रिमंडळाचा निर्णय झाल्यावर आणि विषय पूर्ण झाल्यावर त्यामागची कारणे व आधारभूत कागद खुले करायचे असतात. त्यासाठी वृत्तपत्राने अर्ज केला तर एकट्यादुकट्या नागरिकाच्या अर्जापेक्षा त्याची दखल लवकर घेतली जाते, हे मी टेबलाच्या पलीकडून पाहिले आहे.

शासनालाही एक सांगणे आहे. १९७५ ची कार्यनियमावली बदलून नव्या नियमावलीला मंत्रिमंडळाने जानेवारी २०२५ मध्ये मान्यता दिली. कोणता विषय मंत्र्याच्या स्तरावर संपतो, कोणता मुख्यमंत्र्यांकडे जातो, कोणता मंत्रिमंडळापुढे न्यावाच लागतो आणि कशाला वित्त विभागाची संमती लागते, याची उत्तरे याच दस्तऐवजात असतात. तो प्रत्येक तहसील कार्यालयात आणि जिल्हा ग्रंथालयात मराठीत, अनुसूचींसह, वाचायला मिळावा. चंद्रपूरच्या निकालानंतर मुख्यमंत्र्यांचे आणि मंत्र्यांचे परस्पर अधिकार नव्या नियमांत कसे मांडले आहेत, यावर आपल्या दैनिकाने जाणकारांकडून एक सविस्तर लेख लिहून घ्यावा, अशीही विनंती करतो.

आपला विश्वासू,
एक निवृत्त कक्ष अधिकारी, ठाणे